सत्तर टक्के सोडून जातात म्हणे, मग मी प्रवेश घेऊ का?

या वेळचं पत्र अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचक ताईंचं आहे. वय 43. बी.कॉम.ची दोन वर्षं झाली, लग्न ठरलं, आणि तिसरं वर्ष राहिलं ते राहिलंच. सध्या त्या एका क्लिनिकच्या बिलिंग विभागात काम करतात. तिथे सुपरवायझरची जागा निघाली आहे, पण तिला बॅचलर डिग्री लागते. त्यांनी एक विद्यापीठ शोधून काढलंय. तिथले बहुतेक विद्यार्थी नोकरी करणारे, वर्ग ऑनलाइन, टर्म आठ-आठ आठवड्यांच्या. मुलगा बारावीत आहे आणि स्वतःसाठी कॉलेजं बघतोय. त्याने आईचंही विद्यापीठ बघितलं: ग्रॅज्युएशन रेट (पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण) 31 टक्के, रिटेन्शन रेट (वर्षभराने परत येणाऱ्यांचं प्रमाण) निम्म्याच्या आसपास. यजमान म्हणाले, "दहातले सात सोडून जातात. उरलेल्या तिघांत तू असशील हे कशावरून?" अ‍ॅडमिशन ऑफिसमधल्या माणसाने फोनवर सांगितलं, "तो आकडा आमच्यासारख्या विद्यापीठांना लागू होत नाही." ताई विचारतात: कोणाचं खरं मानू? आणि पुन्हा अर्धवट सोडायची वेळ आली तर मुलांसमोर काय तोंड दाखवू?

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मुलाने बघितलेला आकडा खरा असेल. यजमानांनी त्याचा जो अर्थ लावला तो चुकीचा आहे. आणि अ‍ॅडमिशनवाल्या माणसाने तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. तुम्ही शिकायला लागावं असं माझं स्पष्ट मत आहे, पण याच विद्यापीठात लागावं असं मी अजून म्हणणार नाही. त्याआधी त्यांच्याकडून काही उत्तरं यायला हवीत, आणि ती कशी मागायची ते पुढे लिहिते.

हा ग्रॅज्युएशन रेट आला कुठून ते आधी बघू. 1980च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ओरड सुरू झाली की कॉलेजं बास्केटबॉल आणि फुटबॉलच्या खेळाडूंना मैदानावर राबवून घेतात, पण त्यांच्या हाती डिग्री काही पडत नाही. बिल ब्रॅडली हे सिनेटर स्वतः न्यूयॉर्क निक्सचे नावाजलेले बास्केटबॉलपटू. त्यांनी हा विषय लावून धरला. या खटपटीतून पुढे 1990 मध्ये स्टुडंट राइट-टू-नो कायदा झाला, आणि आपले किती विद्यार्थी पदवी पूर्ण करतात ते जाहीर करणं कॉलेजांना भाग पडलं. हेतू चांगलाच होता. पण मोजमाप ठरवताना जो विद्यार्थी डोळ्यांसमोर होता तो अठरा वर्षांचा, शाळेतून थेट आलेला, दिवसभर शिकणारा. दिवसभर क्लेम भरून, घरी येऊन, मुलांचं आवरून रात्री साडेनऊला लॅपटॉप उघडणारी बाई तिथे कोणाच्या मनातही नव्हती.

त्यामुळे मोजणी अशी होते: आयुष्यात पहिल्यांदाच कॉलेजात आलेले आणि पूर्णवेळ नाव नोंदवलेले विद्यार्थी तेवढे धरायचे. बहुतेक कॉलेजांत तर फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रात, सुरुवात केलेलेच. मग नेहमीच्या मुदतीच्या दीडपट, म्हणजे चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षं द्यायची. एवढ्या काळात त्यातल्या किती जणांनी त्याच कॉलेजातून पदवी घेतली, ती टक्केवारी म्हणजे ग्रॅज्युएशन रेट.

आता यात स्वतःला बसवून बघा. बी.कॉम.ची दोन वर्षं झालेली असल्यामुळे तुम्ही 'पहिल्यांदाच' आलेल्यांत मोडत नाही. नोकरी सांभाळून दोन-दोन विषय घेणार म्हणजे 'पूर्णवेळ'मध्येही नाही. उद्या प्रवेश घेऊन सगळ्या विषयांत ए मिळवून तुम्ही चार वर्षांत डिग्री घेतलीत, तरी त्या 31 टक्क्यांत तुमची भर पडणार नाही. आणि दुसऱ्या महिन्यात सोडलंत तरी तो आकडा तसूभर हलणार नाही. तुम्ही त्या हिशेबातच नाही.

मग आहे कोण? नोकरदारांच्या विद्यापीठात पहिल्यांदाच येणारे आणि पूर्णवेळ शिकणारे असे दोन्ही निकष पुरे करणारे थोडेच असतात. त्या थोड्यांचंही काय होतं बघा. समजा, सत्तावीस वर्षांची एक मुलगी मोठ्या उमेदीने पहिल्या फॉलला बारा क्रेडिट घेते. क्रेडिट म्हणजे किती अभ्यास झाला ते मोजायचं एकक, आणि पदवीधर होऊ पाहणाऱ्याला एका सेमिस्टरला बारा क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ. पुढच्या वर्षी बाळ होतं आणि ती सहा क्रेडिटांवर येते. पण तिची नोंद पहिल्या सेमिस्टरला ठरली, ती कायमची पूर्णवेळ. पदवीला 120 क्रेडिट लागतात. वर्षाला दोन सेमिस्टर, प्रत्येकी सहा क्रेडिट, म्हणजे वर्षाचे बारा. या वेगाने पूर्ण पदवीला दहा वर्षं जातात. तिने एकही टर्म चुकवली नाही, एकाही विषयात नापास झाली नाही, तरी सहाव्या वर्षी तिच्या नावापुढे 'पदवी नाही' असंच लागतं. दुसरी एक जण वर्षभराने नवऱ्याच्या बदलीमुळे दुसऱ्या राज्यात गेली आणि तिथल्या विद्यापीठातून पदवीधर झाली. पहिलं विद्यापीठ तिला पदवी न घेतलेल्यांत धरतं. दुसरं विद्यापीठ तिला ग्रॅज्युएशन रेटमध्ये घेऊच शकत नाही, कारण तिथे ती पहिल्यांदाच आलेली नव्हती. पदवी तिच्या हातात आहे, पण दोन्हीकडच्या टक्केवारीत कुठेच नाही.

या मोजणीतून काही विद्यार्थ्यांना वगळायची परवानगी आहे: मृत्यू, कायमचं अपंगत्व, सैन्यात भरती, पीस कोअरसारखी सरकारची परदेशातली मदतसेवा, किंवा चर्चचं अधिकृत मिशन. यादी एवढीच. बाळंतपण नाही, सासऱ्यांचं आजारपण नाही, शिफ्ट बदलली, नोकरी गेली, यातलं काहीही नाही. मोठ्या वयात शिकणाऱ्या माणसांचं शिक्षण ज्या कारणांनी थांबतं ती सगळी कारणं या यादीबाहेर आहेत, आणि याचा मला मनापासून राग येतो.

रिटेन्शन रेटचंही तसंच. एका फॉलला पहिल्यांदा आलेल्यांपैकी पुढच्या फॉलला किती परत आले, एवढंच ते मोजतं. पूर्णवेळ आणि पार्ट-टाइम असे दोन वेगळे आकडे असतात, म्हणून मुलाने त्यातला कोणता बघितला ते त्याला विचारा. पण सप्टेंबरात शस्त्रक्रियेसाठी थांबून जानेवारीत वर्गात परतलेली बाई या हिशेबात 'परत आली नाही' अशीच राहते. नोकरी करणारे लोक शिक्षण थांबवतात, पुन्हा धरतात, पुन्हा थांबवतात. त्या थांबण्याला सोडून जाणं म्हणणं चूक आहे.

यजमानांचं गणित इथे चुकतं. सहा वर्षांत त्याच ठिकाणी पदवी न मिळालेले सगळे सोडून गेलेले नसतात. काही अजून शिकत असतात, काही दुसरीकडे गेलेले असतात. दुसरं असं की टक्केवारी म्हणजे सोडत नव्हे, की दहा चिठ्ठ्यांतली तुमची कोणती निघेल ते नशिबावर. तुम्ही किती जुने क्रेडिट घेऊन येता, आठवड्याला किती तास काढू शकता, घरी कोण हातभार लावतं, पैसे कुठून येतात, यावर बरंच काही ठरतं. ते त्या आकड्याला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

इथपर्यंत मी अ‍ॅडमिशनवाल्या माणसाच्या बाजूने बोलतेय असं वाटेल. तसं नाही. "तो आकडा आम्हाला लागू होत नाही" एवढं बोलून फोन ठेवणाऱ्या विद्यापीठाला मी सहज सोडणार नाही. तो लागू होत नसेल तर जो लागू होतो तो सांगा! असा आकडा आहे आणि तो त्यांच्याकडे असलाच पाहिजे. 2015-16 पासून अमेरिकेचं शिक्षण खातं 'आउटकम मेझर्स' नावाची वेगळी माहिती गोळा करतं. त्यात विद्यार्थ्यांचे चार गट असतात: पहिल्यांदाच आलेले पूर्णवेळ, पहिल्यांदाच आलेले पार्ट-टाइम, आधी कुठेतरी शिकून आलेले पूर्णवेळ आणि आधी शिकून आलेले पार्ट-टाइम. त्यांचं चार, सहा आणि आठ वर्षांनी काय झालं ते बघितलं जातं. किती जणांना पदवी मिळाली, किती अजून तिथेच आहेत, किती दुसऱ्या संस्थेत गेले आणि किती जणांचा पत्ता लागत नाही, सगळं वेगवेगळं.

तुमचा गट चौथा. मुलाला सांगा, आता त्याने शोधण्यातलं कौशल्य आईसाठी वापरावं: सरकारच्या 'कॉलेज नॅव्हिगेटर' या साइटवर विद्यापीठाचं नाव टाकून रिटेन्शन आणि ग्रॅज्युएशनच्या खाली 'आउटकम मेझर्स' उघडावं, आणि आधी शिकून आलेल्या पार्ट-टाइम विद्यार्थ्यांची ओळ बघावी. आठ वर्षांनी पदवी मिळालेले किती, ते बघाच. पण त्याहून जास्त लक्ष 'पत्ता नाही' या रकान्याकडे द्या. तो फुगलेला असेल तर आपल्याकडून निघून गेलेली माणसं कुठे गेली हे विद्यापीठालाही माहीत नाही, असं समजायला हरकत नाही. तुमच्या हिशेबातल्या अजून एक-दोन विद्यापीठांची हीच ओळ शेजारी ठेवून बघा. एकट्या आकड्यावरून फारसं कळत नाही, तीन शेजारी ठेवले की कळतं.

पण तुलना सारख्याची सारख्याशीच करायची. मुलगा स्वतःसाठी ज्या कॉलेजांची स्वप्नं बघतोय त्यांचा ग्रॅज्युएशन रेट नव्वदच्या पुढे असेल. ती कॉलेजं अर्जांच्या ढिगातून हुशार, पैशाने सुस्थितीतली, जबाबदारी नसलेली मुलं निवडून घेतात. अर्ज करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला आत घेणाऱ्या विद्यापीठाच्या शेजारी तो आकडा ठेवून काहीच हाती लागत नाही.

फोनवर आणखी एक ऐकाल: "आमचे पंच्याऐंशी टक्के विद्यार्थी पुढच्या टर्मला परत येतात." असा काही आकडा आला की थांबवा आणि विचारा, कोणाचे पंच्याऐंशी? आठ आठवड्यांच्या एका टर्ममधून पुढच्या टर्मला जाणं आणि वर्षभराने तिथेच असणं यात फार अंतर आहे. काही ठिकाणी पहिले काही आठवडे चाचणीचे धरतात आणि त्या काळात गेलेल्यांना मोजतच नाहीत. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते वाईट नाही, पैसे न भरता अंदाज घेता येतो. मात्र आकडा कशाचा आहे ते त्यांनी सांगायला हवं.

आता सोडून जाण्याच्या कारणांकडे वळते, कारण तुमची खरी काळजी तिथेच आहे. पूर्वी अभ्यासकांचा भर यावर होता की विद्यार्थी कॉलेजच्या जीवनात रुळला की टिकतो: मित्र, होस्टेल, प्राध्यापकांशी ओळख. 1985 मध्ये जॉन बीन आणि बार्बरा मेट्झनर यांनी मोठ्या वयाच्या, पार्ट-टाइम, घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी मांडणी केली. त्यांचं म्हणणं असं की या लोकांच्या बाबतीत कॉलेजबाहेरच्या गोष्टी जास्त जड पडतात: कामाचे तास, घरची जबाबदारी, पैसे, जवळच्यांचं प्रोत्साहन. बाहेरचा आधार भक्कम असेल तर कॉलेजातल्या उणिवा माणूस निभावून नेतो, पण बाहेरचा आधार तुटला की कॉलेज कितीही चांगलं असो, टिकणं अवघड. इतक्या वर्षांच्या सल्ल्याच्या कामात मी जे बघते ते याच्याशी जुळतं. अभ्यास जमला नाही म्हणून गेलेली माणसं माझ्यासमोर कमी आली. मॅनेजरने शिफ्ट बदलली, गाडी बिघडली, आई पडली, फीचे थोडे पैसे थकले म्हणून पुढच्या टर्मची नोंदणी अडली, असलीच कारणं जास्त.

थकबाकीचं कारण वाचताना किरकोळ वाटतं, पण त्याने कितीतरी जणांचं शिक्षण थांबतं. जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीने हे ओळखून 2011 पासून छोटी अनुदानं सुरू केली. थोडक्या रकमेसाठी ज्यांची नोंदणी रद्द होणार होती, त्यांची थकबाकी विद्यापीठ स्वतःच भागवू लागलं. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 मध्ये 'एसॅप' कार्यक्रम काढला. प्रवासाचा पास, पुस्तकं, फीतला उरलेला भाग, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वारंवार भेटणारा, मोजक्याच विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेला सल्लागार. एमडीआरसी या संस्थेने चिठ्ठ्या टाकून विद्यार्थ्यांचे दोन गट केले आणि अभ्यास केला. तीन वर्षांत एसॅपवाल्यांपैकी 40 टक्क्यांनी दोन वर्षांची असोसिएट पदवी घेतली, दुसऱ्या गटातल्या 22 टक्क्यांनी. एसॅपमध्ये पूर्णवेळ शिकावं लागतं, म्हणजे तो तुमच्यासाठी नाही. पण माणसं तीच, परिस्थिती तीच, आणि संस्थेने हात धरला की निकाल जवळजवळ दुप्पट! "आमचे विद्यार्थीच असे, आम्ही काय करणार" असं कोणी म्हणालं तर हे त्यांना सांगा.

म्हणून अ‍ॅडमिशनला पुन्हा फोन करा आणि या वेळी प्रश्न तुम्ही विचारा. माझा अ‍ॅडव्हायजर कोण, आणि त्याच्याकडे किती विद्यार्थी आहेत? पदवी होईपर्यंत तोच राहील की दर टर्मला नवा? मी दोन आठवडे लॉगिन केलं नाही तर कोणी फोन करेल का, की आपोआप जाणारा ईमेल येईल? रात्री दहा वाजता गणित अडलं तर मदत आहे का? मला लागणारे विषय दर टर्मला निघतात, की वर्षातून एकदाच? हा शेवटचा प्रश्न फार जण विसरतात. एक विषय चुकला आणि तो पुढच्या वर्षीच असेल, तर पदवी एका वर्षाने लांबते. उत्तरं लेखी मागा. ईमेलवर द्यायला टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तर समजा.

पैशाचं बोलू, कारण यजमानांची काळजी तिथे आहे आणि ती चुकीची नाही. तुमच्याकडे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर सरकारी आर्थिक मदतीचा फाफ्सा अर्ज भरता येतो. पहिलीच पदवी घेणाऱ्याला, उत्पन्न त्या मर्यादेत बसत असेल, तर पेल ग्रँट (परत न फेडायची सरकारी मदत) पार्ट-टाइम शिकतानाही मिळते, रक्कम त्या प्रमाणात कमी. सरकारी लोनसाठी मात्र किमान अर्धवेळ, म्हणजे बहुधा सहा क्रेडिट घ्यावे लागतात. कर्ज काढण्याआधी क्लिनिकच्या एचआरकडे शिक्षणासाठी मदत आहे का ते विचारा. मालकाने दिलेली वर्षाला 5,250 डॉलरपर्यंतची शैक्षणिक मदत फेडरल करातून सुटते. बरेच मालक पैसे विषय पास झाल्यावर देतात, आणि नंतर ठरावीक काळ नोकरीत राहण्याची अट घालतात. ती अट वाचून घ्या.

आणि मधेच थांबावं लागलं तर? हे प्रवेश घेण्याआधी माहीत असायला हवं, कारण थांबताना घाईत चूक होते आणि ती महाग पडते. सरकारी मदत घेतलेली असताना टर्मचे 60 टक्के दिवस भरायच्या आत सगळं सोडलं, तर जेवढे दिवस शिकलात तेवढ्याच प्रमाणात ती मदत तुमची. उरलेली परत जाते, आणि कित्येकदा विद्यापीठ तो खड्डा तुमच्याकडून भरून घेतं. आठ आठवड्यांच्या टर्ममध्ये तीन आठवड्यांनी निघालात तर हे होणारच. टर्म लागोपाठ असतील तर नियम अजून गुंतागुंतीचे होतात, म्हणून सोडायच्या दिवशी आधी फायनान्शियल एडच्या माणसाशी बोला, बटण नंतर दाबा. शक्य असेल तर टर्म संपवून थांबा. लोन असेल आणि तुम्ही अर्धवेळाच्या खाली आलात, तर सहा महिन्यांची सवलत सुरू होते. ती संपली की हप्ते. पुन्हा शिकायला लागलात तर हप्ते थांबवता येतात, पण वापरून संपलेली ती सहा महिन्यांची सवलत त्या लोनवर पुन्हा मिळत नाही. विद्यापीठाला हेही विचारा की रजा घेऊन थांबता येतं का, किती काळ, परतताना नव्याने अर्ज करावा लागतो का, आणि मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला तर मला जुना लागू राहील की नवा. तुमच्यासाठी हा प्रश्न कुठल्याही टक्केवारीपेक्षा मोलाचा आहे.

आता बी.कॉम.बद्दल. ताई, पत्रात तुम्ही त्या दोन वर्षांना "वाया गेलेली" म्हणालात. ती वाया गेलेली नाहीत. बी.कॉम.च्या तुमच्या जुन्या विद्यापीठाकडून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि गुणांची नोंद) मागवा आणि क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन, म्हणजे परदेशातल्या शिक्षणाची इथल्या हिशेबात किंमत, करणाऱ्या संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्या. फक्त शिक्षणाची पातळी सांगणारं स्वस्तातलं मूल्यमापन इथे उपयोगाचं नाही, प्रत्येक विषयाचे क्रेडिट आणि ग्रेड दाखवणारंच हवं. कुठली संस्था चालेल ते इथल्या विद्यापीठाला आधी विचारा. किती क्रेडिट धरायचे हे शेवटी विद्यापीठच ठरवतं, आणि "साधारण पन्नास मिळतील" अशा तोंडी आश्वासनावर एक डॉलरही भरू नका. लेखी हवं, आणि त्यात किती क्रेडिट तुमच्या मेजरला (पदवीच्या मुख्य विषयाला) लागू होतात आणि किती नुसते ऐच्छिक म्हणून पडून राहतात ते वेगळं लिहिलेलं हवं. पन्नास मिळाले पण मेजरला दहाच लागले, तर वाट फारशी कमी होत नाही.

इतक्या वर्षांच्या बिलिंगच्या कामालाही किंमत आहे. बरीच विद्यापीठं कामातून शिकलेल्याचे क्रेडिट परीक्षा घेऊन किंवा कामाची फाइल तपासून देतात. कॉलेज बोर्डाच्या क्लेप परीक्षा देऊन काही विषय थेट सुटतात. प्रौढांच्या शिक्षणावर काम करणाऱ्या 'केल' या संस्थेने 2010 मध्ये 48 संस्थांमधल्या 62,475 विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. असे क्रेडिट मिळालेल्यांपैकी 56 टक्क्यांनी सात वर्षांत पदवी घेतली, न मिळालेल्यांपैकी 21 टक्क्यांनी. असे क्रेडिट मागणारी माणसं मुळातच जास्त चिकाटीची असतील, म्हणून सगळा फरक क्रेडिटमुळेच असं मी म्हणणार नाही. पण वाट लहान झाली की मधे अडचण यायला जागा कमी राहते, हे उघड आहे.

तुमचंच गणित मांडून बघा. पन्नास क्रेडिट खरोखर लागू झाले तर उरतात सत्तर. उन्हाळ्यासह वर्षाला अठरा क्रेडिट घेतले तर चार वर्षं. म्हणजे मुलगा पदवीधर होईल त्याच सुमारास तुम्हीही. शून्यापासून सुरुवात करावी लागली तर याच वेगाने पावणेसात वर्षं. या दोन वाटांमधलं अंतर एका ट्रान्सक्रिप्टवर अवलंबून आहे.

पहिल्या टर्मला एकच विषय घ्या. अ‍ॅडमिशनवाले दोन-तीन घ्या म्हणतील, लोनसाठीही जास्त लागतील, म्हणून पहिली टर्म शक्यतो लोनशिवाय, स्वतःच्या किंवा मालकाच्या पैशाने करा. आठ आठवड्यांच्या विषयाला आठवड्याचे पंधरा-अठरा तास सहज जातात, कारण सोळा आठवड्यांचा अभ्यास निम्म्या वेळात भरलेला असतो. ते तास तुमच्या आठवड्यात कुठून येणार हे एका विषयातच कळेल. जमलं तर पुढच्या टर्मला दोन.

आणि तास कुठून येणार हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही, घराचा आहे. यजमानांशी 31 टक्क्यांवर वाद घालत बसू नका. त्यांच्यासमोर आठवड्याचं वेळापत्रक ठेवा आणि कोणत्या संध्याकाळी स्वयंपाक आणि धाकट्याचा अभ्यास त्यांच्याकडे, ते ठरवा. बीन आणि मेट्झनर ज्याला बाहेरचा आधार म्हणतात तो हाच, आणि तो देणं त्यांच्या हातात आहे. "तू त्या तिघांत असशील हे कशावरून" याचं निम्मं उत्तर त्यांच्याकडेच आहे, हे प्रेमाने पण स्पष्ट सांगा.

राहिली पुन्हा अर्धवट राहण्याची भीती. ती मी उडवून लावणार नाही, ती खरी आहे. पण एक सांगते. काही ना काही कॉलेज करून पदवी न मिळालेली नोकरीच्या वयाची माणसं अमेरिकेत साडेतीन कोटींहून जास्त आहेत. नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस हे मोजते, आणि त्यातले लाखो जण दरवर्षी पुन्हा वर्गात परततात हेही मोजते. तेव्हा तिसरं वर्ष तुम्ही नालायक होता म्हणून राहिलं नाही. लग्न ठरलं, देश बदलला, आणि परत यायला दार कोणी दाखवलं नाही म्हणून राहिलं. या वेळी आत शिरण्याआधीच परतीचं दार कुठे आहे ते विचारून ठेवताय. थांबावं लागलंच तर टर्म पूर्ण करून, थकबाकी न ठेवता, मिळालेले क्रेडिट हातात घेऊन थांबा. ते क्रेडिट तुमचेच राहतात, आणि मुलं हेही बघतात.

ट्रान्सक्रिप्ट यायला वेळ लागतो, म्हणून त्यासाठीचा अर्ज याच आठवड्यात टाका. तिकडे चकरा मारायला भाऊ किंवा बहीण असेल तर त्यांना अधिकारपत्र पाठवा. मूल्यमापन हातात येईपर्यंत विद्यापीठाला प्रवेशाचे पैसे भरू नका, कितीही फोन आले तरी. आणि विद्यापीठाचं लेखी उत्तर आलं की मला पाठवा, मेजरला किती क्रेडिट लागले ते आपण दोघी मिळून बघू.